व्यभिचाराचे कागद मागू नका, दंडाचा जमाखर्च मागा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी कोल्हापूर परिसरातली १७५० ते १९५० या काळातली बदनामीची प्रकरणं आणि समाज हा विषय घेतलाय. मार्गदर्शक म्हणतात विषय बदला, घरचे म्हणतात मुलीच्या जातीनं हे कशाला, आणि जुने कागद बघायला ज्या दप्तरखान्यात अर्ज केला तिथून एका ओळीचं उत्तर आलंय, 'सदर विषयाचे कागद उपलब्ध नाहीत.' ही ओळ मला पाठ आहे. मलाही हीच मिळाली होती. विषय सोडू का असं तुम्ही विचारलंय. अजिबात सोडू नका.

आधीच सांगते, मी वकील नाही आणि विद्यापीठातली संशोधकही नाही. शाळेत इतिहास शिकवला, निवृत्तीनंतर जुन्या कागदांच्या मागे लागले. मोडी शिका, ग्रंथालयात जा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. जे मला कुणी सांगितलं नाही तेवढंच लिहिते.

कार्यालयाचं नाव घेत नाही, गावही सांगत नाही. माझ्या अर्जात मी सरळ लिहिलं होतं: सिंदळकी, बदअंमल (दोन्ही व्यभिचारासाठीचे जुने शब्द) आणि बहिष्काराची प्रकरणं. टेबलावरच्या साहेबांनी तेवढी ओळ वाचली, अर्ज पालथा घातला आणि वर पेपरवेट ठेवला. शेजारच्या टेबलावर एक तरुण मुलगी कामाला होती, तिच्या नजरेला पडायला नको म्हणून. मग मला म्हणाले, "मॅडम, शाहू महाराजांवर लिहा, वेदोक्तावर लिहा. हे घाण उपसून कुणाचं भलं होणार?" पुढे सगळा पावसाळा खेटे घालण्यात गेला. कधी साहेब बैठकीला, कधी चावी दुसऱ्याकडे, कधी फवारणी चालू म्हणून खोली बंद. शेवटी ते एका ओळीचं उत्तर. त्यावर अपील केलं तर उलट पत्र आलं, की संशोधनाचा हेतू स्पष्ट करावा आणि संबंधित घराण्यांची ना-हरकत जोडावी. दोनशे वर्षांपूर्वी दंड भरलेल्या बाईच्या घराण्याची ना-हरकत कुठून आणायची?

खेट्यांचं मला काही वाटत नाही, सरकारी कामात ते असतंच. नुकसान झालं ते वेगळं. माझ्याबरोबर बसून मोडी वाचायला एक वयस्कर गृहस्थ तयार होते. संस्थानी कारकुनांचं घाईतलं, पाय मोडलेलं अक्षरसुद्धा ते वर्तमानपत्र वाचावं तसं वाचायचे. त्या पावसाळ्यात त्यांचं डोळ्यांचं दुखणं वाढलं. रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, माझ्यासमोर सुटले तेव्हा त्यांना अक्षर दिसत नव्हतं. मी एकटीनं वाचलं, पण कितीतरी ओळी आजही माझ्या वहीत प्रश्नचिन्ह लावून पडल्या आहेत. एका माणसाला विषयाची लाज वाटली म्हणून हे झालं, आणि त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून कायद्याच्या दोन गोष्टी. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ६(२): अर्जदाराला कारण विचारता येत नाही. कलम ८(३): वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती 'खासगी बाब' म्हणून अडवता येत नाही. देशाची सुरक्षा, सभागृहाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच अपवाद उरतात. ही कलमं अर्जातच लिहा. मात्र या कायद्यानं कुणी तुमच्यासाठी रुमाल चाळत बसणार नाही. वाचनाची परवानगी वेगळी मागावी लागते आणि तिचे नियम त्या त्या ठिकाणी विचारून घ्या.

आता मुद्द्याचं. मला वाट दाखवली ती तिथल्याच एका जुन्या कारकुनानं. जिन्यात गाठून म्हणाला, "बाई, विषय सांगू नका. खातं सांगा, परगणा सांगा, साल सांगा." दप्तरांच्या याद्या विषयवार नसतातच. 'व्यभिचार' नावाचा रुमाल कुठेही बांधलेला नाही, त्यामुळे 'उपलब्ध नाही' हे उत्तर कागदोपत्री खरंही ठरतं. मराठा अमलात या गुन्ह्याचा दंड हे सरकारचं उत्पन्न होतं, म्हणून तो जमेला सापडतो. 'गुन्हेगारी' (म्हणजे दंड) आणि 'कमावीस' (म्हणजे किरकोळ जमा) या सदरांखाली बघा. वादात जिंकणाऱ्याकडून हरकी, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, आणि त्याच रांगेत बदअंमलाचा दंड. शेजारी पाटदाम दिसेल, म्हणजे पाट (बाईचं दुसरं लग्न) लावल्यावर भरायचा पैसा. लग्नटका, म्हणजे लग्नावरचा कर, दिसेल. समाजानं कशाला पाप म्हटलं, कशाला परवानगी दिली आणि दोन्हींतून किती वसूल केलं, हे एकाच पानावर मिळतं.

मी पाहिलेल्या नोंदींत पुरुषाचं नाव असतं, बापाचं नाव असतं, मौजे अमुक असतं. बाई बहुतेक ठिकाणी फक्त 'याची बायको' किंवा 'याची सून'. मग रक्कम, मग कुणामार्फत वसूल झाली ते. संपलं. पुरुष रुपये भरून सुटतो. बाईचं काय झालं ते बघायला दुसऱ्या खात्यात जावं लागतं. छापून आलेल्या पेशवेकालीन कागदांतही अशा आरोपाखालच्या बायकांना सरकारी बटीक (दासी) करून किल्ल्यावर, कोठीत, पागेत कामाला लावल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे तीच बाई एका वहीत दंडाचं कारण असते आणि दुसऱ्या वहीत मजूर म्हणून मोजली जाते. या दोन वह्या शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते तुमच्या प्रबंधिकेचा गाभा इथे आहे, राजवाड्यातल्या कुजबुजीत नाही.

तारखांसाठी एक सोय सांगून ठेवते. जुन्या कागदांवर फसली किंवा सुहूर सन असतो. फसली सनात ५९० आणि सुहूर सनात ५९९ मिळवा म्हणजे इसवी साल येतं. दोन्ही सनं मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतात, त्यामुळे जानेवारी ते मृग या महिन्यांसाठी आणखी एक मिळवा. हे न केल्यामुळे छापील पुस्तकांतही एकेका वर्षाची चूक राहिलेली दिसते.

कायद्यांच्या बाबतीत विद्यार्थी हमखास घसरतात ती जागा म्हणजे संस्थान. १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा, संमतिवयाचा १८९१ चा कायदा (मुलीच्या संमतीचं दहाचं वय बारा केलं, त्यावरून पुण्यात केवढा गदारोळ झाला!) हे ब्रिटिश मुलखाचे. कोल्हापूर संस्थान होतं, १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत इथला कायदा दरबारचा. म्हणून करवीर (म्हणजे कोल्हापूर) सरकारचं गॅझेट बघा. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ मध्ये आंतरजातीय विवाहाचा, काडीमोडीचा आणि बायकांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा, आणि १९२० च्या सुरुवातीला मुलं-मुली देवाला वाहून जोगत्या-मुरळ्या सोडण्याच्या प्रथेविरुद्धचा. मुंबई इलाख्याचा देवदासी कायदा १९३४ चा, हे शेजारी ठेवलं की दरबार किती पुढे होता ते कळतं. पण कायदा झाला आणि प्रथा संपली असं कृपा करून लिहू नका. १९७५ मध्ये आपल्याच जिल्ह्यात गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरवावी लागली, कर्नाटकाला १९८२ मध्ये आणि महाराष्ट्राला २००५ मध्ये पुन्हा कायदे करावे लागले. कोल्हापुरात ओढ्यावरच्या यल्लमाच्या देवळात आंबील यात्रेच्या दिवशी जा आणि वयस्कर जोगतिणींशी बोला. आधी त्यांना विचारा, मगच वही काढा. त्यांच्या परवानगीशिवाय फोन बाहेर काढू नका.

वर्तमानपत्रांबद्दल. कोल्हापूरचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण शय्येचं नव्हतं, छळाचं होतं. चौथ्या शिवाजी महाराजांना वेडे ठरवून त्यांचा छळ होतोय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा आरोप 'केसरी' आणि 'मराठा'नं केला. आधाराला पत्रं होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, पत्रं बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पण पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८८३ मध्ये, अहमदनगरच्या किल्ल्यात एका गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीत महाराजांचा अंत झाला. पुरावा खोटा निघाला म्हणून दुःख खोटं होतं असं नाही. तुमच्या हाती एखादं झणझणीत पत्र लागलं तर हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा. पत्र खरं की खोटं हे एक काम, आणि माणसाचं काय झालं हे दुसरं काम.

बदनामीच्या इतिहासात मी आता एकच गोष्ट आधी शोधते, बाई स्वतः बोलली का. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, पुढे ती शिक्षा कमी झाली. वर्तमानपत्रांनी एकट्या तिच्यावर नाही, सगळ्या स्त्रीजातीवर कोरडे ओढले. तिचा स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत आला नाही. तिच्या बाजूनं संतापून उभी राहिली ती बुलढाण्याची ताराबाई शिंदे, १८८२ च्या 'स्त्रीपुरुष तुलना'मध्ये. विधवेचं पाऊल वाकडं पडलं म्हणता, तिला तिथे नेणारा पुरुष कुठे आहे, हा तिचा सवाल. तोच सवाल घेऊन दंडाच्या वह्या वाचा. रखमाबाई मात्र स्वतः बोलली. अकराव्या वर्षी लावलेलं लग्न मानणार नाही म्हणाली, १८८५ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला, १८८७ मध्ये उलटला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि तिनं तुरुंग पत्करते म्हणून सांगितलं. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली आणि पुढे ती डॉक्टर झाली. १९२५ चं बावला खून प्रकरण (इंदूरच्या होळकर महाराजांकडून निघून आलेली मुमताज मुंबईत ज्यांच्याबरोबर राहत होती त्या व्यापारी बावलांचा खून) आपल्याकडे अजूनही 'होळकरांचं लफडं' म्हणून सांगतात. तुकोजीराव होळकर महाराजांना १९२६ मध्ये गादी सोडावी लागली तिथे गोष्ट संपते. मुमताजनं दिलेली जबानी कुणी वाचत नाही. मलबार हिलवर तिच्या चेहऱ्यावर वार झाले होते, आणि इंदूरला आपल्या तान्ह्या मुलीला मारलं गेलं असा तिचा आरोप होता. हे वाचल्यावर 'लफडं' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

लावणीपासून जरा सावध राहा. होनाजी, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या शृंगारिक लावण्यांत बाई 'मी' म्हणून बोलते, पण लिहिणारे पुरुष आणि ऐकणारेही बहुतेक पुरुषच. त्या काळच्या हौसेचा पुरावा म्हणून घ्या, बाईच्या मनाचा म्हणून नको.

तुमच्या मार्गदर्शकांना 'आपल्या संस्कृतीत हे नव्हतं' असं वाटत असेल तर हालाची गाथासप्तशती त्यांच्यापुढे ठेवा. सातवाहनकाळातली, महाराष्ट्री प्राकृतातली. त्यात घरची सून वाटसरूला सांगते, सासू इथे झोपते, मी इथे, दिवसाच नीट बघून ठेव, रात्री चुकून आमच्या अंथरुणावर पडशील. त्याच सातवाहनांच्या काळातली वस्ती आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उकरून निघाली आहे आणि तिथल्या वस्तू टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहेत. लाज ही काही अनादी काळापासून चालत आलेली नाही. ती कधी, कुणी, कुणावर लादली हाच तर तुमचा अभ्यास. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले, दंड भरले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यामुळे हा विषय अभ्यासाच्या लायकीचा नाही असं कुणी म्हटलं तर मान खाली घालू नका.

नावांचं मात्र जपा. मेलेल्या माणसाबद्दलचं लिखाणही, त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केलेलं असेल तर, बदनामी ठरू शकतं. आधी भारतीय दंड संहितेचं कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६ आहे. अभ्यासाचा हेतू वेगळा हे खरं, तरी छापण्याआधी वकिलाला दाखवा. कायदा बाजूला ठेवला तरी कोल्हापुरात आडनाव आणि गाव लिहिलं की संध्याकाळपर्यंत पेठेत कळतं. मी आडनावं गाळते, गाव गाळून फक्त परगणा लिहिते, आणि मूळ नोंदीचा संदर्भ परीक्षकांसाठी वेगळ्या कागदावर ठेवते. राजघराणी आणि छापील खटले यांना ही अडचण नाही.

नवा अर्ज करताना विषयाच्या जागी 'परगणानिहाय जमाखर्च, गुन्हेगारी व कमावीस सदरे' एवढंच लिहा, सालं फसलीत टाका आणि पोच घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. मोडी वाचून देणारं कुणी जाणतं माणूस भेटलं असेल तर परवानगीची वाट न बघता आजपासूनच त्यांच्याबरोबर छापील नमुन्यांवर बसायला लागा. एखादी ओळ अडली तर नाव-गाव झाकून फोटो इथे टाका, मी वाचून बघेन.