अमेरिकेची ऑर्डर थांबली, आता मुलाला काय शिकवू?

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं पोलादी फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडायच्या कड्यांचं, छोटं युनिट आहे. निम्म्याहून जास्त माल अमेरिकेला जायचा. जकात वाढल्यापासून ऑर्डरी थांबल्यात. मुलगा एमएसयूत (महाराजा सयाजीराव विद्यापीठात) बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला परदेशात 'ग्लोबल लीडरशिप'चं एमबीए करायचंय, ह्यांना तो लगेच कारखान्यात हवाय. जगच असं फुटत असताना कोणतं शिक्षण कामाला येईल? – एक आई, वडोदरा

उत्तर : ताई, मला दोन्ही बेत घाईचे वाटतात.

तुमच्या ऑर्डरी का थांबल्या, हे मुलाला आधी तुमच्यासमोर मांडायला सांगा. जून 2025 मध्ये अमेरिकेने पोलादावरची जकात 25 वरून 50 टक्के केली. दाद मागायची, तर जागतिक व्यापार संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर 2019 पासून ठप्प आहे. नव्या नेमणुका अमेरिकेनेच अडवल्या. थोडक्यात, सामना चालू आहे आणि पंच घरी गेलेत. यात चूक कोणाची, यावर जेवताना हवा तेवढा वाद घाला. पण आपल्या मालाला कुठे कोणता नियम लागतो हे मालकाला स्वतः वाचता आलं पाहिजे, आणि पहिलं गिऱ्हाईक पक्कं असतानाच दुसरं शोधायची सवय हवी. माहितीपत्रकातल्या 'लीडरशिप'मध्ये हे क्वचितच असतं.

युरोपचंच बघा. तिथला कार्बन सीमा कर, म्हणजे माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर आयातीवेळी लागणारा कर, 1 जानेवारी 2026 पासून लागू झालाय आणि 7307 या एचएस कोडखालचे (मालाच्या जागतिक वर्गवारीतल्या क्रमांकाखालचे) पाइप फिटिंग, म्हणजे तुमचे फ्लँजही, त्यात येतात. कर तिथला आयातदार भरतो, पण उत्सर्जनाची माहिती तो तुमच्याकडे मागणार. ती नसली तर ठरवून दिलेले आकडे धरले जातात आणि ते सहसा चढेच असतात. त्यामुळे बिलेट (कच्च्या पोलादाचा ठोकळा) कोणत्या भट्टीतलं, फोर्जिंगला (तापवून घडवायला) किती गॅस लागला, याचा हिशेब चोख ठेवणाऱ्याकडेच युरोपचं गिऱ्हाईक टिकेल. हे काम बी.कॉम. झालेला मुलगा शिकू शकतो. एखाद्या इंजिनिअरला सोबत घ्यावं लागेल, एवढंच.

दुबईचंही तसंच. संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करार 1 मे 2022 पासून लागू आहे, पण माल भारतीय असल्याचं 'सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन' असेल तरच जकातीत सवलत मिळते.

म्हणून माझा सल्ला असा : पदवीनंतर दोन वर्षं त्याला बाहेर नोकरी करू द्या, कस्टम हाउस एजंटकडे (मालाची जकातीची कागदपत्रं करणाऱ्याकडे) किंवा फ्रेट फॉरवर्डरकडे (माल जहाजाने पाठवायची सोय करणाऱ्याकडे). पगार बेताचाच असेल. पण लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, की भाडं आणि पोचायची तारीख कशी बिघडते, हे तिथल्या टेबलावर रोज दिसतं. सोबत युरोपच्या गिऱ्हाइकासाठी संध्याकाळी जर्मन शिकू दे. मग कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयएफटीचं (भारतीय विदेश व्यापार संस्थेचं) इंटरनॅशनल बिझनेसचं एमबीए करता येईल. तेव्हाही परदेशीच जायचं असेल तर जाऊ दे; कशासाठी जातोय हे तोवर त्याला कळलेलं असेल. आत्ता त्यासाठी मोठं कर्ज काढू नका.

राहिले तुमचे मिस्टर. त्यांना म्हणावं, मुलाची नोकरी चालू असतानाच एक नवं गिऱ्हाईक पूर्णपणे त्याच्या हाती द्या : कोटेशन, कागदपत्रं, वसुली, सगळं. पहिल्या कोटेशनमध्ये तो चुकेलही. तेव्हा फोन हिसकावून घेऊ नका.