लेग बसत नसेल तर बोल्टनं ओढू नका
आउटबोर्ड इंजिन परत जोडताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

पाऊस तोंडावर आला की खडकवासल्यापासून उजनीच्या फुगवट्यापर्यंत बोटींची इंजिनं उघडली जातात. यंदा आलेल्या बहुतेक प्रश्नांत दुरुस्ती ठीक झालेली दिसते. घोटाळा झालाय तो सगळं परत जोडताना. म्हणून या वेळी फक्त जोडणीबद्दल. लेग म्हणजे बोटीच्या मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पाण्यात बुडणारा खालचा भाग; पाण्याचा पंप, गिअर आणि पंखा त्यातच असतात.

प्रश्न: भिगवणला पक्षी दाखवायला बोट चालवतो. १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन आहे. पाण्याच्या पंपातलं रबरी चाक, म्हणजे इम्पेलर, नवं टाकलं, पण इंजिन थंड करून बाहेर पडणारी पाण्याची पिचकारी येत नाही. काय पाहू?

आधी इंजिन बंद ठेवा. पाण्याविना इम्पेलर फिरला तर रबर काही सेकंदांत जळतं आणि नवा इम्पेलरही वाया जातो.

सगळ्यात सोपी गोष्ट पहिली. पिचकारीच्या भोकात बारीक तार घाला. इंजिन दोन महिने शेडमध्ये उभं असेल तर कुंभारीण माशी त्या भोकात चिखलाचं घर करते आणि माणूस उगाच पंप खोलत बसतो. भोक मोकळं असेल तर मात्र लेग उतरवावा लागेल.

लेग उतरवल्यावर त्यातल्या उभ्या शाफ्टवरची (दांड्यावरची) चावी बघा. इम्पेलर शाफ्टवर नुसता सरकवलेला असतो, त्याला फिरवते ती ही छोटी चावी. इम्पेलर खाली सरकवताना ती खाचेतून निसटून पडते आणि हाताला कळतही नाही. मग शाफ्ट फिरतो, इम्पेलर जागच्या जागी. चावी खाचेत बसवताना मागे ग्रीसचा एक ठिपका लावा, म्हणजे ती चिकटून राहते.

पंपाचं झाकण बसवताना शाफ्ट वरून बघून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरवत फिरवत झाकण खाली दाबा. पाकळ्या त्यामुळे योग्य बाजूला वाकतात. यानंतर शाफ्ट उलटा फिरवायचा नाही. जुन्या इम्पेलरच्या पाकळ्याही मोजा. एखादी तुटलेली असेल तर तिचा तुकडा वर पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो, तो काढल्याशिवाय नवा इम्पेलर काही करू शकत नाही.

तिसरं कारण पाण्याच्या नळीचं. वरून येणारी तांब्याची किंवा प्लॅस्टिकची नळी पंपाच्या झाकणावरच्या रबरी बुशात शिरली पाहिजे. ती बुशाच्या बाजूला टेकली तर पंप जोरात पाणी फेकतो, पण ते लेगच्या पोकळीतच सांडतं. नळीच्या टोकाला साबणाचं पाणी लावा आणि लेग वर चढवताना विजेरी धरून नळी बुशात जाताना डोळ्यांनी बघा.

लेग चढवण्यापूर्वी एक चाचणी जरूर करा, तिनं निम्मी मेहनत वाचते. गिअर न्यूट्रलला ठेवा. लेग बादलीत असा उभा करा की पाणी घ्यायची जाळी बुडेल. शाफ्टच्या दात्यांवर जाड रबरी नळीचा तुकडा चढवून तो ड्रिलमध्ये पकडा आणि सावकाश सरळ दिशेनं फिरवा. बुशातून पाणी उसळलं तर पंप ठीक आहे, दोष वर आहे.

प्रश्न: लेग चढवला, पण अर्धा इंच फट राहते. बोल्ट लांब आहेत. आवळत गेलो तर फट मिटेल ना?

मिटेल, पण लेगचं घर, म्हणजे बाहेरचं कवच, तडकवून. अॅल्युमिनियमच्या घराचा कान तुटला की ते पुन्हा वेल्ड करून घेणं महागात जातं. लेग हातानं जवळजवळ पूर्ण बसला पाहिजे, बोल्टचं काम फक्त धरून ठेवण्याचं.

फट राहण्याची कारणं तीन. शाफ्टचे दाते वर इंजिनातल्या क्रँकच्या दात्यांशी जुळत नसतील तर एका माणसानं लेग वर धरावा आणि दुसऱ्यानं इंजिनावरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, घड्याळाच्या दिशेनं केसभर फिरवावं. जुळले की लेग आपोआप ‘टक्’ करून वर जातो.

दुसरं कारण ग्रीस. दात्यांच्या बाजूंना ग्रीस हवंच, नाहीतर पुढच्या वेळी शाफ्ट गंजून क्रँकमध्ये अडकतो. पण शाफ्टच्या डोक्यावर ग्रीसचा गोळा असेल तर तो क्रँकच्या बंद भोकात दबतो. ग्रीसला जायला वाट नसते, म्हणून शाफ्ट तिथेच थांबतो. डोकं फडक्यानं पुसून कोरडं करा.

तिसरं, गिअरची दांडी. लेग उतरवताना इंजिन ज्या गिअरला होतं, त्याच गिअरला दोन्ही भाग चढवताना हवेत. काही इंजिनं रिव्हर्समध्ये जोडायची असतात, काही न्यूट्रलमध्ये. तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात ते दिलेलं असतं. ही दांडी चुकली तर फट तरी राहते, नाहीतर बोट पुढे जाते आणि रिव्हर्स पडत नाही. म्हणून बोल्ट घट्ट करण्याआधी पंखा हातानं फिरवत तिन्ही गिअर टाकून बघा. त्या वेळी प्लग काढलेले असू द्या.

प्रश्न: २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हापासून आमच्या पथकानं रबरी बोट ठेवली आहे. इंजिन दोन सिलिंडरचं. फ्लायव्हील काढून कॉइल बदलली. आता दोरी ओढली की उलटा हिसका बसतो आणि कार्ब्युरेटरमधून फटाके वाजतात.

हिसका बसत असताना पुन्हा पुन्हा ओढू नका, मनगट मोडतं.

पहिल्यांदा दोन प्लगच्या वायरी अदलाबदल झाल्या आहेत का बघा. नसतील तर संशय फ्लायव्हीलच्या अर्धचंद्राकृती चावीवर. फ्लायव्हील काढा आणि चावी हातात घेऊन निरखा. तिच्या कडेवर पायरी पडलेली दिसली तर फ्लायव्हील सरकलंय. दोन मिलिमीटर सरकलं तरी ठिणगी चुकीच्या वेळी पडते.

चावीनं फ्लायव्हील पेललेलं नसतं. ते धरतो निमुळत्या शाफ्टचा कोन, चावी फक्त जागा दाखवते. त्यामुळे हा कोन आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही थिनरनं पुसून अगदी कोरडी ठेवा. तिथे तेल किंवा ग्रीस लावणं ही ओळखीच्या मेकॅनिककडूनही होणारी चूक आहे. नवी चावी कंपनीचीच घ्या, कारण लोखंडाची घासून बनवलेली चावी पुढच्या वेळी शाफ्टची खाच फाडते. नट टॉर्क पान्यानंच आवळा. १५ अश्वशक्तीच्या इंजिनातही हा आकडा साधारण १०० न्यूटन-मीटर असतो, साध्या पान्यानं अंदाजे तो गाठता येत नाही. फ्लायव्हील धरायला होल्डर वापरा. दात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवू नका.

इंजिन अजिबातच ठिणगी देत नसेल तर काही उघडण्याआधी किल स्विचची (इंजिन झटक्यात बंद करणाऱ्या बटणाची) लाल क्लिप जागेवर आहे का ते पाहा. पथकाच्या बोटीवर अशी एक जादा क्लिप बांधून ठेवाच. पुराच्या पाण्यात ती हरवली तर बोट वाहत जाते.

प्रश्न: गिअर ऑइल बदललं. दोन फेऱ्यांनंतर ते दूध घातलेल्या चहासारखं झालं.

आत पाणी गेलंय. बहुतेक वेळा कारण लेगवरच्या तेलाच्या वरच्या आणि खालच्या भोकांच्या दोन स्क्रूंखालचे जुने वायसरच असतात, ते दर वेळी नवे घ्या. तेही ठीक असतील तर पंख्याच्या शाफ्टचं सील बघा. मासेमारीचा नायलॉन दोरा त्यात गुंडाळला जाऊन सील कापतो.

तेल भरायचं ते खालच्या भोकातून. वरच्या भोकातून भरलं तर हवा अडकते आणि लेग अर्धाच भरतो. वरून तेल ओघळू लागलं की आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून चटकन खालचा. १५ अश्वशक्तीच्या अनेक इंजिनांत पाव लिटरच्या आसपास तेल मावतं. खूपच कमी गेलं तर हवा अडकली आहे असं समजा.

प्रश्न: पंखा बसवल्यावर एक जाड पितळी वायसर उरला.

बोट पाण्यात घालू नका. तो थ्रस्ट वायसर आहे. तो पंख्याच्या पुढे, लेगच्या बाजूला जातो आणि त्याची निमुळती बाजू शाफ्टच्या उताराला टेकते. तो नसेल तर पंखा पुढे सरकून लेगवर घासतो. नटाची पिनही नवी टाका. बोहरी आळीत स्टेनलेसची मिळते, लोखंडाची घेऊ नका.

प्रश्न: नव्या रिंगा टाकल्यात. पेट्रोलमध्ये तेल किती?

पुस्तकात वेगळं दिलं नसेल तर पहिले १० तास २५ला १, म्हणजे १० लिटर पेट्रोलला ४०० मिलिलिटर. नंतर ५०ला १, म्हणजे २००. तेल टीसी-डब्ल्यू३ (पाण्यानं थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठीच्या) शिक्क्याचंच घ्या. नाना पेठेत मिळणारं दुचाकीचं टूटी तेल चालत नाही. त्यातल्या राखेचा थर थंड चालणाऱ्या आउटबोर्डच्या रिंगांवर आणि प्लगवर जमतो.

पेट्रोल त्या आठवड्यापुरतंच कालवा. आता त्यात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि टाकीच्या तळाशी वेगळं होऊन बसतं. पहिली सुरुवात २०० लिटरच्या पिंपात करा. पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर हवं, गिअर न्यूट्रल. अर्ध्या मिनिटात पिचकारी दिसली नाही तर बंद करून पहिल्या प्रश्नाकडे परत या.