किनाऱ्यावर लोखंडी गज गंजतात, मग अ‍ॅल्युमिनियमची खिडकी कशी टिकते?

मालवणात समुद्रालगत घर, गज दरवर्षी रंगवूनही सोलतात, शेजारची अ‍ॅल्युमिनियमची चौकट मात्र शाबूत, असं तुम्ही विचारलंय.

खरं तर अ‍ॅल्युमिनियमच ऑक्सिजनशी जास्त जोराने संयोग पावतं. पण त्याचं ऑक्साइड काही नॅनोमीटर जाडीचं, घट्ट चिकटणारं असतं आणि खालच्या धातूला झाकून टाकतं. लोखंडाचा गंज सच्छिद्र. मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, पापुद्रे सुटतात, आतला भाग पुन्हा उघडा पडतो.

त्यात आपल्याकडची खारी हवा. गंजायला ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही लागतात. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, शिवाय खाऱ्या पाण्यातून वीज सहज वाहते, म्हणून ही विद्युत-रासायनिक क्रिया वेगाने चालते. पडवीच्या आतले, पाऊस न लागणारे गज नीट पाहा. तिथलं मीठ धुतलंच जात नाही, त्यामुळे ते कधीकधी बाहेरच्या गजांपेक्षा लवकर गंजतात. अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा, हा सगळ्यात स्वस्त उपाय.

रंगवण्याआधी गंज पूर्ण खरवडा, गोड्या पाण्याने धुऊन वाळवा, मग प्रायमर. गंजावरच दिलेला रंग टिकत नाही. नवीन गज घेणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्या. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड वाचतं. स्टेनलेस स्टील हवं असेल तर किनाऱ्यावर ३०४ प्रतीचं नको, मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं ३१६ प्रतीचं घ्या.

आणि बांधकामात खाडीची न धुतलेली वाळू कृपा करून वापरू नका. आतली सळई गंजून फुगते आणि स्लॅबच फुटतो.