दातांचे प्रश्न: आंबलेले दात, लग्नाआधीची घाई आणि राहून गेलेली कॅप

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. काढणीच्या दिवसांत गोडी बघायला दिवसभर मणी तोंडात टाकतो. संध्याकाळपर्यंत दात इतके आंबतात की भाकरी चावत नाही. मीठ लावून कडक ब्रशने घासतो, तरी फरक नाही. (दिंडोरी)

उत्तर : घासण्यानेच दुखणं वाढतंय. द्राक्षात टार्टारिक आणि मॅलिक ही आम्लं असतात. मणी कितीही गोड झाला तरी रसाचा सामू (pH, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) चारच्या आसपासच राहतो, आणि दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, साधारण साडेपाचच्या खाली विरघळायला लागतं. लाळ हे आम्ल मारते, पण तिला वेळ लागतो, धरा अर्धा तास. दर दहा मिनिटांनी एक मणी तोंडात गेला तर लाळेला तेवढी उसंत मिळतच नाही. अख्खा घड एका बैठकीत खाल्लात तर दातांचं याहून कमी बिघडेल. त्यात मऊ पडलेल्या कवचावर मीठ आणि कडक ब्रश म्हणजे सरळ पॉलिश पेपर.

गोडी बघायला रिफ्रॅक्टोमीटर वापरा, तो बहुतेक बागांत असतोच. मणी खाल्लाच तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश लावू नका. ब्रश मऊ, म्हणजे पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेला. ५ टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट सकाळ-रात्र वापरा. थुंका, पण नंतर खळखळून चूळ भरू नका, पेस्टचा पातळ थर दातांवर राहू द्या. फरक दोन ते चार आठवड्यांनी जाणवतो. दोन दिवसांत गुण नाही म्हणून पेस्ट बदलत बसू नका.

एक तपासणी घरीच होते. हिरडीलगत दातावरून नख वरून खाली फिरवा. नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. ती पेस्टने भरून येत नाही, दाताच्या रंगाचं फिलिंग लागतं.

प्रश्न : मुलीचं लग्न तीन आठवड्यांवर आहे. दात पिवळसर आहेत, पुढच्या एका दाताला जुनं फिलिंग आहे. व्हाइटनिंग करावं का? इंटरनेटवर लिंबू-सोडा सांगतात. (गंगापूर रोड)

उत्तर : लिंबू-सोडा नको. का नको ते वरच्या द्राक्षांच्या उत्तरात आलंच आहे.

आधी पिवळेपणा कशाचा ते ठरवा. चहा-कॉफीचे आणि तंबाखू-मिश्रीचे डाग वरवरचे असतात, नुसत्या क्लिनिंगने निघतात. अनेकांचं काम तिथेच होतं, व्हाइटनिंगचा खर्च वाचतो. दाताच्या आतलाच रंग पिवळा असेल तर पेरॉक्साइडचं जेल लागतं. कीड असेल किंवा हिरडीतून रक्त येत असेल तर आधी ते उपचार. किडलेल्या दातात जेल उतरलं की कळ डोक्यात जाते.

घरी करायच्या पद्धतीत डॉक्टर मुलीच्या दातांच्या मापाचा पारदर्शक ट्रे बनवून देतात. त्यात प्रत्येक दातामागे तांदळाच्या दाण्याएवढं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड जेल घालायचं आणि ट्रे काही तास किंवा रात्रभर ठेवायचा, असं १० ते १४ दिवस. जेल हिरडीवर आलं तर लगेच पुसायचं, नाहीतर हिरडी पांढरी पडून चुरचुरते. दात शिवशिवले तर एक दिवस खाडा करायचा. क्लिनिकमधलं जेल बरंच तीव्र असतं, तासा-दीड तासात काम होतं, पण शिवशिव जास्त होते.

खरी अडचण त्या जुन्या फिलिंगची आहे. फिलिंग, कॅप, व्हीनिअर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा) यांचा रंग जेलने बदलत नाही. आजूबाजूचे दात उजळले की तो एक दात पिवळा उठून दिसेल. फिलिंग बदलायचं तर व्हाइटनिंगनंतर दोन आठवडे थांबावं लागतं, कारण लगेच भरलेलं फिलिंग नीट चिकटत नाही. म्हणजे सहा आठवडे हाताशी हवे होते. तीन आठवड्यांत आमचं मत असं : क्लिनिंग, पॉलिशिंग आणि ते एक फिलिंग बदलणं. फोटोत तेवढं पुरतं.

तरीही व्हाइटनिंग केलंच, तर पुढचे दोन दिवस चहा, हळदीचं वरण आणि मिसळीची तर्री बंद. नाशिककरांना हे सांगणं सोपं नाही, पण बंद. गरोदरपणात आणि अठरा वर्षांखाली करू नये.

प्रश्न : दाढेचं रूट कॅनल झालं. आता दुखत नाही. कॅप सहा महिन्यांनी बसवली तर चालेल? (नाशिकरोड)

उत्तर : नाही. दुखत नाही, कारण आतली नस काढलेली आहे. दाढ मात्र कमजोर झाली आहे : आधी किडीने पोखरली, मग आत शिरायला वरून भोक पाडलं. आता चारी बाजूंच्या पातळ भिंती तेवढ्या उरल्या आहेत. शेंगदाणा किंवा सुपारी चावताना भिंत उभी चिरते, आणि चीर मुळापर्यंत गेली की दाढ काढावीच लागते. शिवाय वरचं तात्पुरतं सिमेंट काही आठवड्यांत झिरपायला लागतं आणि जंतू पुन्हा आत जातात. शक्यतो महिन्याच्या आत कॅप बसवा. पैशांची अडचण असेल तर निदान पक्कं फिलिंग तरी करून घ्या. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयातही चौकशी करा, तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, फेऱ्या मात्र जास्त होतात. पुढच्या दाताला दरवेळी कॅप लागतेच असं नाही.

कॅप बसल्यावर दात मिटताना तीच आधी लागत असेल तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका. डॉक्टर रंगीत कागद चावायला लावून उंच जागा शोधतात आणि घासून देतात, पाच मिनिटांचं काम.

प्रश्न : क्लिनिंग केल्याने दात हलायला लागतात का? (सिडको)

उत्तर : नाही. दात कीटणामुळे आधीच सैल झालेले असतात. दगडासारखं घट्ट झालेलं कीटण त्यांना धरून ठेवतं, ते निघालं की खरी स्थिती कळते. फटी दिसतात त्याही कीटणाने बुजलेल्याच होत्या.

प्रश्न : गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळताना मुलाचा पुढचा दात मुळासकट पडला तर काय करावं? वय ११. (शरणपूर रोड)

उत्तर : दात शोधा आणि वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती असेल तर दुधाने किंवा पाण्याने काही सेकंद धुवा. घासायचा नाही, साबण नाही. जमलं तर लगेच जागेवर दाबून बसवा आणि स्वच्छ रुमाल चावायला द्या. धीर होत नसेल तर जवळच्या दुकानातून थंड दुधाची पिशवी घ्या आणि त्या दुधात दात बुडवून न्या. टपरीवरचं उकळतं दूध नको, आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवू नका, मुळावरच्या जिवंत पेशी त्यात फुगून मरतात. अर्ध्या तासात दवाखान्यात पोहोचलात तर दात वाचण्याची आशा चांगली असते. डॉक्टर तो शेजारच्या दातांना तारेने साधारण दोन आठवडे बांधून ठेवतात. दुधाचा दात पडला असेल तर पुन्हा बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते.