ठिपके गेल्यानंतरचे दिवस

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि छायाचित्रे मिळाली. रीगल टँग या समुद्री माशाच्या अंगावर आणि परांवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आले, चौथ्या दिवशी ते आपोआप नाहीसे झाले, मासा पुन्हा खाऊ लागला, तेव्हा आता औषधाची गरज उरली नसावी, असे तू लिहिले आहेस. नेमकी येथेच बहुतेकांची गल्लत होते. ठिपके जाणे हा या रोगाच्या चक्रातला एक टप्पा आहे आणि आठवडाभरात ते अधिक संख्येने परत येण्याची शक्यता फार मोठी आहे.

छायाचित्रांवरून हा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स नावाचा एकपेशीय परजीवी दिसतो. मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याची, टाकी बाळगणारी मंडळी त्याला मरीन इक किंवा व्हाइट स्पॉट म्हणतात आणि टँग कुळातील मासे त्याला लवकर बळी पडतात. तो माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली शिरून तीन ते सात दिवस पोसला जातो, मग गळून तळाशी जातो, वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि त्या कवचाच्या आत विभागत राहतो. कवचातून पोहणारी असंख्य पिले बाहेर पडतात, त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. हे बाहेर पडणे बहुधा रात्रीच्या अंधारात होते, म्हणजे मासे दगडांच्या कपारीत निजलेले असतात तेव्हा. आता हे लक्षात घे की औषध लागू पडते ते फक्त पोहणाऱ्या पिलांना. त्वचेखालच्या जिवाला आणि कवचातल्या जिवाला ते शिवत नाही. म्हणून औषधाची मात्रा एकदा जोरात देऊन उपयोग नसतो, ती सलग, खंड न पडता टिकवावी लागते.

या रोगावरचे जुने आणि भरवशाचे औषध तांबे आहे, परंतु ते मुख्य टाकीत कधीही घालू नये. प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी यांना ते मारक असते, शिवाय लाइव्ह रॉक (सूक्ष्म जीव वसलेले समुद्री दगड) आणि वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यात किती उरले याचा हिशेबच लागत नाही. द्राक्षबागेच्या बोर्डो मिश्रणासाठी आणलेले मोरचूद (कॉपर सल्फेट) घरी आहे, ते चालेल का, असे तू विचारले आहेस. हिशेब करून पाहा: साठ लिटर पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तांबे हवे असेल, तर मोरचूद लागते सुमारे ४७ मिलिग्रॅम. एवढे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येत नाही, चिमटीत तर याच्या कितीतरी पट येते, आणि शेतीसाठीच्या मालाची शुद्धताही आपल्याला ठाऊक नसते. तेव्हा मोरचूद बागेतच राहू दे आणि मत्स्यालयासाठी तयार मिळणारे औषध घे.

ही तयार औषधे दोन प्रकारची असतात. आयनिक तांब्याची पातळी लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम ठेवतात; कीलेटेड, म्हणजे तांबे दुसऱ्या रेणूंनी बांधून ठेवलेल्या, प्रकारात ती साधारण २ ते २.५ मिलिग्रॅम असते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावलास तर एक तर औषध निरुपयोगी ठरेल किंवा मासा मरेल, म्हणून बाटलीवरचा प्रकार वाचून त्याला जुळणारा टेस्ट किटच वापर. पूर्ण मात्रा पहिल्याच दिवशी देऊ नकोस. दोन-तीन दिवसांत ती चढवत ने आणि पूर्ण पातळी गाठल्यावर तीस दिवस मोज. मध्ये एक दिवस पातळी खाली गेली, तर मोजणी पहिल्यापासून सुरू करावी, असे माझे मत आहे; काहींना ते कर्मठ वाटते.

उपचारासाठी सर्व मासे ज्या वेगळ्या टाकीत हलवायचे, ती अगदी मोकळी असावी: तळाला वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-चार एल्बो, एक हीटर आणि मुख्य टाकीच्या संपमध्ये (पाणी गाळण्याच्या जोडटाकीत) काही आठवडे ठेवून जिवाणूंनी भरलेला स्पंज फिल्टर. कार्बन आणि यूव्ही दिवा यांना तेथे स्थान नाही. अशा टाकीत मासे परजीवीपेक्षा अमोनियाने अधिक दगावतात, म्हणून तो रोज तपास आणि वाढला तर पाणी बदल. बदलायच्या पाण्यात तांबे आधीच त्याच पातळीवर आणून ठेव. अमोनिया निष्प्रभ करणारी द्रव्ये तांब्यासोबत मात्र वापरू नकोस, त्यांच्यातील काहींमुळे तांबे अधिक विषारी होते. वीज जाणार नाही याचा भरवसा आपल्याकडे कोणी देत नाही, तेव्हा बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा.

दुकानदाराने सुचवलेला लसूण आणि क्लीनर श्रिम्प यांबद्दल थोडक्यात सांगतो: लसणामुळे मासा कदाचित खायला येईल, कोळंबी टाकीची शोभा वाढवील, पण परजीवी दोन्हींनी जात नाही. तांबे नकोच असेल तर दर ७२ तासांनी माशांना स्वच्छ, कोरड्या केलेल्या टाकीतील नव्या पाण्यात हलवण्याची पद्धत आहे. चार वेळा हलवले की बारा दिवसांत काम होते. मात्र ती फक्त याच रोगावर चालते.

तुझ्या दुसऱ्या छायाचित्रातील क्लाउनफिशबद्दल मला अधिक काळजी वाटते. अंगावर सुटे ठिपके न दिसता अतिशय बारीक, धुरकट थर दिसत असेल, मासा धापा टाकत पंपाच्या प्रवाहात तोंड धरून उभा राहत असेल आणि उजेड टाळत असेल, तर तो व्हेल्वेट, म्हणजे अमायलूडिनियम हा दुसरा परजीवी असू शकतो. त्यात दोन-तीन दिवसांत मासे जातात, तेव्हा त्याच दिवशी तांबे सुरू करावे लागते. खारटपणा कमी करण्याचा उपाय येथे चालत नाही. त्याउलट अंगावर जाड चिकट स्राव येऊन कातडी सुटू लागली, तर तो ‘ब्रूक्लिनेला’ नावाचा तिसरा परजीवी आहे असे समज. क्लाउनफिशमध्ये तो वारंवार दिसतो आणि त्यावर तांबे निरुपयोगी असून फॉर्मेलिन लागते. भिंगातून टॉर्च तिरपा धरून पाहा आणि मला कळव.

मुख्य टाकीत ७६ दिवस एकही मासा नसावा. कवचातून ७२व्या दिवशीही पिले बाहेर पडल्याची नोंद आहे, म्हणून हा आकडा रूढ झाला. प्रवाळ आणि कोळंबी तेथेच राहू देत. त्यांच्यात हा परजीवी वाढत नाही. दोन्ही टाक्यांच्या जाळ्या, बादल्या आणि नळ्या वेगळ्या ठेव आणि ओला हात एका टाकीतून दुसरीत घालू नकोस.

पहिले दहा दिवस तांबे, अमोनिया आणि माशाने खाल्ले की नाही, एवढ्या तीन नोंदी रोज पाठव. टँगने खाणे सोडले तर मात्रा पुढे चढवू नकोस, आधी मला फोन कर.

तुझा,
काका