आधी पुळण की आधी कडा?

प्रश्न: समुद्राकाठची आमची एक ठरलेली गोल वाट आहे, साधारण ८ किलोमीटर, अर्धी पुळणीवरून आणि अर्धी वर कड्यावरून. हवा सारखी बदलते, निघताना ऊन आणि मधेच धो धो. दर रविवारी निघताना आमचा वाद, मी म्हणते आधी पुळण, नवरा म्हणतो आधी कडा. कोण बरोबर?

उत्तर: तुम्ही दोघंही आभाळाकडे बघून भांडताय, बघायचंय पाण्याकडे. पाऊस काय, भिजवतो आणि जातो, पण पुळणीवर कड्याच्या पायथ्याशी असताना भरती आली तर जायला जागाच उरत नाही. म्हणून आधी त्या दिवशीची ओहोटीची वेळ बघायची आणि पुळणीचा भाग पाणी उतरत असतानाच उरकायचा, म्हणजे पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी वाळूवर उतरायचं, ४ किलोमीटरला रमतगमत सव्वा तास धरा, पाणी फिरायच्या आत तुम्ही वर चढलेले असता. ओल्या घट्ट वाळूवरून चाला, पाय टेकला की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, पांढुरकी पडते ना, तीच. वरची भुसभुशीत वाळू पोटऱ्यांचा जीव काढते.

आणि भरती एकसारख्या वेगाने चढत नाही हे लक्षात ठेवा, पहिल्या तासात काही होतच नाहीये असं वाटतं आणि मग सहा तासांतल्या तिसऱ्या-चौथ्या तासात जवळजवळ निम्मं पाणी येतं. मी एकदा "पाच मिनिटांचं तर अंतर आहे" म्हणून एका वळणाच्या पुढे गेलो आणि बूट हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून मागे आलो, फोन भिजला तो वेगळाच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा तर असलं धाडस नकोच.

आता हवेचं. खाली वारा कमी वाटला तरी वर कड्यावर तो जोरातच असतो, तेव्हा चढायच्या आधी समुद्राकडे एकदा बघा, लाटांवर जिकडेतिकडे पांढरे तुरे दिसत असतील तर वारा ताशी २० किलोमीटरच्या पुढे आहे, कडेपासून लांबूनच चाला. छत्री घरी ठेवा, कड्यावर तिचा उपयोग उलटी व्हायला एवढाच, टोपीवालं रेनकोट जॅकेट बरं. शेवाळलेल्या खडकावर सरीनंतर पाय ठेवू नका, चांगले बूटसुद्धा सटकतात.

विजेच्या बाबतीत मात्र चालढकल नको. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, ३ सेकंदांना १ किलोमीटर. ३० च्या आत आवाज आला की फेरी तिथेच सोडायची, कारण कड्यावर काय आणि मोकळ्या पुळणीवर काय, सगळ्यात उंच तुम्हीच. एकट्या झाडाखाली थांबू नका, पक्की इमारत किंवा बंद गाडी गाठा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही.

राहिला वाद. बहुतेक किनाऱ्यांवर ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, म्हणजे आठवड्यात जवळजवळ सहा तास सरकते, या रविवारी सकाळी ९ ला ओहोटी असेल तर पुढच्या रविवारी त्याच सुमारास भरती. तेव्हा या रविवारी तुमचं खरं, पुढच्या रविवारी त्यांचं.