क्लिप आजींना दाखवा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका आईचं पत्र आलं आहे. लांबलचक पत्र, झोप लागेना म्हणून मध्यरात्री उठून लिहिलेलं, आणि त्यात एक नाही, चार-चार काळज्या. मुलगी वीस वर्षांची. कॉलेजात स्टँडअप करायला लागली आहे. एका ओपन माइकमध्ये तिने घरातल्या सोवळ्यावर आणि मंडळाच्या गणपतीवर विनोद केले. कुणीतरी त्यातला तुकडा फोनवर टिपला आणि तो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला. आता समितीला लेखी माफी हवी आहे, नवरा लेकीशी बोलत नाही, भाच्याला स्टुडंट व्हिसा मिळायचा आहे, आणि ऑक्टोबरात सासूबाई सांगलीहून राहायला येताहेत.

ताई लिहितात, ‘देवाधर्माची आणि वडीलधाऱ्यांची टिंगल, तीही गोऱ्या लोकांसमोर! मी तिला म्हटलं, तुझ्या आजीला कळलं तर तिच्या जिवाला लागेल. मी काही चुकीचं बोलले का?’

हो ताई, चुकीचं बोललात. तुमची घालमेल मला समजते. आपल्यापैकी प्रत्येकीने इथे येऊन देव्हारा मांडलाय, गॅरेजमध्ये मखर रंगवलंय, मुलांना रविवारच्या मराठी शाळेत ओढत नेलंय. एवढं करून मुलीने माइकवर जाऊन त्याचंच हसं केलं, असं वाटलं की पोटात कालवतं. पण ‘आजीच्या जिवाला लागेल’ हे तुम्ही कशावरून ठरवलंत? आजींना विचारलंत? तुमच्याच पत्रात पुढे आहे, ‘सासूबाईंना अजून काही कळू दिलेलं नाही. घरात सगळ्यांना ताकीद दिली आहे.’ म्हणजे ज्यांच्या नावाने मुलीला अपराधी ठरवलं, त्यांना त्याची वार्ताही नाही.

माझे जुने वाचक हे माझ्याकडून अनेकदा ऐकून आहेत, तरी पुन्हा सांगते. परदेशातल्या मराठी घरांमध्ये आपण आपली भीती म्हाताऱ्या माणसांच्या नावावर खपवतो. आपल्याला मंडळाची भीती वाटते, शेजारच्या देशपांड्यांची वाटते, भारतातल्या फॅमिली ग्रुपची वाटते. ते कबूल करवत नाही म्हणून ‘आजीला काय वाटेल’ हे वाक्य पुढे करतो. आजी बिचारी आठ हजार मैलांवर, आपल्या नावावर काय काय दुखावलं जातंय याची तिला कल्पनाही नसते.

माझ्या सासूबाई साताऱ्याच्या. एकादशी कधी मोडली नाही, कडक सोवळं. आमच्याकडे शिकागोला आल्या होत्या तेव्हा माझा मुलगा दहावीत होता. इंडियन ग्रोसरीत त्या पावट्याच्या शेंगा एकेक मोडून बघायच्या आणि काउंटरवरच्या गुजराती भाऊंशी मराठीत घासाघीस करायच्या, त्याची तो हुबेहूब नक्कल करायचा. यजमान त्याच्यावर खेकसायचे, ‘आजीसमोर शोभतं का?’ एकदा साताऱ्याहून नणंदेचा फोन आला, तर सासूबाईंनी नातवाला हाक मारली: ‘ये रे, आत्याला ते पावट्याचं करून दाखव.’ आणि करून झाल्यावर म्हणाल्या, ‘पदर खोचायचा राहिला तुझा.’

ताई, तुमच्या सासूबाई जिथे वाढल्या तिथे हसण्याला केवढी जागा होती याचा विचार करा. मंगळागौर जागवताना सून सासूच्या वरचढ उत्तरं देते आणि सगळ्या सासवा मांडी घालून ते ऐकतात. भारुडात सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते, कशासाठी, तर गावाला गेलेला सासरा तिकडेच खपावा आणि जाच करणारी सासूही लवकर जावी म्हणून. हे लिहिणारे एकनाथ सोळाव्या शतकातले, पैठणचे, ब्राह्मण घरातले. त्यांचा रोख संसाराच्या पाशांकडे आहे आणि भारुडाची अखेर अध्यात्मात होते, हे खरंच. पण जत्रेत ऐकणाऱ्या बाईला आधी हसू आलं आणि मग अर्थ कळला. जनाबाई तर थेट देवाला ‘अरे विठ्या, विठ्या, मूळ मायेच्या कारट्या’ म्हणतात, आणि पुढची ओळ इतकी जहाल आहे की आजच्या मंडळाच्या व्यासपीठावर म्हणायला कुणी धजणार नाही. तरी आपण त्यांना संत म्हणतो आणि आषाढीला त्यांचे अभंग गातो.

तमाशात पहिला गण, म्हणजे गणपतीलाच वंदन. लगेच त्यामागून गवळण येते, तीत मावशी खुद्द कृष्णाची फिरकी घेते. पुढे वगात राजा समोर उभा असताना सोंगाड्या त्याचं माप काढतो. वंदन आणि थट्टा एकाच रात्री, एकाच पटांगणात. ज्या लोकांना हे पचत होतं त्यांची नातवंडं-पतवंडं आपण. आपल्याला आयपॅडवरचा विनोद पचत नाही?

हो, तो विनोद मी पत्रात वाचला. लेक म्हणते, ‘आजी सोवळ्यात असली की मला शिवत नाही, पण आयपॅडला शिवते, कारण आयपॅडमध्ये गुरुजी आहेत.’ दुसरा असा, ‘चतुर्थी बुधवारी असली तरी मंडळाचा बाप्पा शनिवारी येतो, अमेरिकेत देवालाही वीकेंडशिवाय सुटी मिळत नाही.’ यात देवाची टिंगल कुठे आहे? पहिल्यात टाळेबंदीपासून ऑनलाइन पूजा सांगणारे आपले गुरुजी आहेत, दुसऱ्यात आपण आहोत, कामाच्या वारी रजा मागायला कचरणारे. हे तिला सुचलं याचा अर्थ ती पूजेच्या वेळी फोनमध्ये डोकं घालून बसलेली नव्हती. आजीशेजारी बसून तिचे हात कुठे जातात, कुठे थांबतात हे ती बघत होती. किती घरांतल्या मुलांना आपल्या आजीबद्दल एवढं तपशिलात सांगता येतं? माझ्या टोरांटोच्या बहिणीकडे ‘असलं काही बोलायचं नाही’ हा नियम कडक पाळला गेला. भाची आज तीस वर्षांची आहे. ती घरी येते, हसून नमस्कार करते, जेवते आणि जाते. आईवडिलांबद्दल तिला काय वाटतं ते आम्हा कुणालाही माहीत नाही.

आता ‘गोऱ्या लोकांसमोर’ या शब्दांकडे येते, कारण तुमची खरी सल तिथे आहे असं मला वाटतं. ही सल जुनी आहे. १९७२ साली पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगमंचावर आलं, तेव्हा नाना फडणवीसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली म्हणून गदारोळ उठला आणि ज्या संस्थेने ते केलं तिने थोड्याच प्रयोगांनंतर थांबवलं. मग त्याच कलावंतांपैकी अनेकांनी थिएटर अकादमी काढून ते पुन्हा उभं केलं. १९८० मध्ये नाटक युरोपला निघालं तेव्हा पुन्हा विरोध झाला, आणि त्यात हाच सूर होता, आपसात काय ते ठीक, परक्यांपुढे आपली शोभा नको. आमच्या घरी तेव्हा वडील नाटकाच्या बाजूचे आणि सदाशिव पेठेतले काका कट्टर विरोधातले. दोघं रविवारी दुपारी आवाज चढवून भांडायचे आणि आई ‘पानं घेतलीयेत’ म्हणाली की एका पंगतीत जेवायला बसायचे. काकांनी शेवटपर्यंत मत बदललं नाही. पण नाटक बघितलेल्या माणसाने घरी यायचं नाही, असं ते कधी म्हणाले नाहीत. नाटक युरोपात जाऊन आलं, नाना फडणवीसांचा वाईजवळच्या मेणवलीतला वाडा आजही लोक कौतुकाने बघतात.

तरीही परक्यांसमोर बोलताना एक विवेक लागतो आणि तो मुलीला सांगायला हवा. तिचा तिसरा विनोद मला अजिबात आवडला नाही. बाबा कस्टमर केअरशी कसे इंग्रजी बोलतात, ते उच्चार काढून दाखवायचे आणि हॉलभर हशा मिळवायचा. याच उच्चारांवरून तिच्या बाबांना मीटिंगमध्ये दोनदा बोलायला लागलं असेल, कदाचित बढतीही हुकली असेल. ज्या हॉलमध्ये त्यांच्यासारखं बोलणारा एकही माणूस नाही, तिथे त्यांचे उच्चार विकणं म्हणजे बलवानाच्या बाजूने हसणं. सोंगाड्या राजाला बोलतो, पाणक्याला नाही. तुमचे यजमान अबोला धरून बसलेत ते सोवळ्यामुळे नाही, ते या विनोदामुळे आहे, मी खात्रीने सांगते. पण हे तिला तुम्ही सांगितलंच नाहीत. देव, धर्म, आजी, समाज, सगळं एका टोपलीत घालून ‘बंद कर’ म्हणालात. सरसकट बंदी आली की चांगला विनोद कुठला आणि हिणकस कुठला हे मूल शिकत नाही. ते फक्त आपल्यापासून लपवायला शिकतं.

तुमची भीती सगळीच उगीच आहे असं मात्र मी म्हणणार नाही. स्टँडअप करणाऱ्या मुनव्वर फारुकीला देवांवर विनोद केल्याच्या आरोपावरून १ जानेवारी २०२१ ला इंदुरात अटक झाली आणि सुप्रीम कोर्टाने जामीन देईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. त्या रात्री तो तसं काही बोललाच नव्हता, असं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं. मार्च २०२५ मध्ये विनोदवीर कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या हॅबिटॅट या कॉमेडीच्या मंचाची मोडतोड झाली, म्हणजे गाणं एकाने म्हटलं आणि खुर्च्या दुसऱ्याच्या तुटल्या. धार्मिक भावना दुखावण्याचं भारतीय दंड संहितेतलं जुनं २९५-अ कलम १९२७ चं, आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ झालं आहे. मुद्दाम आणि दुष्ट हेतूने केलेला अपमान असेल तरच ते लागायला हवं, पण हेतू काय होता याचा निकाल लागेपर्यंत माणूस फेऱ्या मारत राहतो. आणि अमेरिकेत सगळं आलबेल आहे असंही समजू नका. लेनी ब्रूस या विनोदवीराला १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टाने अश्लीलतेसाठी दोषी ठरवलं. राज्याने त्याला माफी दिली २००३ साली, तो मरून सदतीस वर्षं झाल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये विनोदवीर जिमी किमेलचा टीव्हीवरचा कार्यक्रम सरकारी अधिकाऱ्याच्या जाहीर दमदाटीनंतर वाहिनीने काही दिवस बंद ठेवला होता. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून तो परत आला. म्हणजे ही मोकळीक ज्यांना हवी आहे त्यांना ती राखावी लागते, इथेही आणि तिथेही. आपण घरातच मुलांची तोंडं बंद केली तर ती कोण राखणार?

म्हणून माझा सल्ला एकच आहे, आणि तो ऐकून तुम्ही दचकाल. ऑक्टोबरात सासूबाई आल्या, दोन दिवसांत त्यांची झोप जागेवर आली, की मुलीला शेजारी बसवा आणि आजींना तो विनोद तिनेच ऐकवू दे. फोनवरची क्लिप नंतर. आधी मराठीत, समोर बसून. मराठीत सांगताना तिला अडखळायला होईल, ‘सोवळं’ हा शब्द इंग्रजीत तिने दोन वाक्यांत समजावला असेल, तो आता समजवावा लागणार नाही. कदाचित विनोद जास्त चांगला होईल. आजींना राग आला तर येऊ दे, त्यांना रागवायचा हक्क आहे आणि नातीला तो राग समोरून घ्यायची संधी आहे. मंडळाच्या ग्रुपवरून कुण्या वहिनींनी ‘तुमच्या नातीने काय केलं बघा’ म्हणून त्यांना सांगण्यापेक्षा हे फार बरं. आणि माझ्या अनुभवाने सांगते, नव्वदीच्या आसपासच्या बायका आपल्यापेक्षा पुष्कळ धीट असतात.

बाकीच्या गोष्टी पटकन.

समितीला लेखी माफी देऊ नका. तिने मंडळाच्या मंचावर काही म्हटलेलं नाही, मंडळाने तिची क्लिप तिला न विचारता फिरवली आहे. त्यांना तिला कार्यक्रमात घ्यायचं नसेल तर तो त्यांचा अधिकार, बोलण्याचं स्वातंत्र्य राखणारी इथल्या घटनेची पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, मंडळाचे नाही. अध्यक्षांना फक्त एवढं विचारा, की यंदाच्या मंगळागौरीत सासूला टोमणे मारणारी गाणी ठेवायची की काढायची.

भाच्याच्या व्हिसाबद्दल विचारलंत. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडिया खाती खुली ठेवायला सांगतात, हे खरं आहे. मावसबहिणीच्या विनोदाचा त्याच्याशी संबंध नाही, पण त्याच्या स्वतःच्या खात्यावर काय आहे ते इमिग्रेशन वकिलाला दाखवा, मला नको.

यजमानांशी मुलीनेच बोलावं, त्या तिसऱ्या विनोदाबद्दल. तुम्ही मध्ये पडू नका, चहा करा आणि दुसऱ्या खोलीत जा.

आणि आजी ऐकून काय म्हणाल्या ते मला जरूर कळवा, त्यांच्याच शब्दांत, काही न गाळता.